आबांची देणगी

आबांच्या घरी पुस्तक वाचायला गेलं की आधी हात दाखवावे लागत. तळवे वर, मग तळवे खाली, मग नखं. आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला वीसेक वर्षं झाली होती, पण तपासणीची सवय सुटली नव्हती.

"ह्ये पिवळं काय हाय?"

"हळद, आबा."

"मग जा, न्हाणीत साबण हाय. हळद लागली की पुस्तक पुस्तक ऱ्हात न्हाई, त्येचं कालवण हुतंय."

हात धुऊन आलं की सोप्यात घोंगड्यावर बसायचं आणि वाचायचं. पुस्तक घरी न्यायचं नाही. कुणी मागितलंच तर आबा "नाही" म्हणत नसत. "हितं बसून वाच की. घर काय पळून जातंय व्हय?" एवढंच म्हणत आणि समोर उभे राहत. माणूस आपोआप बसायचा.

कराड आणि पलूसच्या मधलं आमचं गाव उसाचं. घरटी एक माणूस लष्करात. निवृत्त होऊन येताना कुणी ब्लँकेटं आणली, कुणी मिक्सर, कुणी टीव्ही. आबांनी सहा काळ्या ट्रंका आणल्या. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायचे. ती हकीकत काकी स्वतः सांगत, तीही आबा समोर असताना. "पयली ट्रंक उघडली, पुस्तकं. दुसरी उघडली, पुस्तकं. म्हटलं, साड्या तळाला असतील. तिसरी उघडली आन् मी चुलीकडं गेले. बाकीच्या तीन मी अजून बघितल्या न्हाईत."

"बघ की मग, कुणी धरलंय?" आबा म्हणत.

सहा ट्रंका ही सुरुवात होती. कराडला एक रद्दीवाला होता आणि दर गुरुवारी आबा काही ना काही काम काढून कराडला जात. काकींना दिसू नये म्हणून येताना मळ्यात उतरत, पुस्तकं वैरणीच्या भाऱ्यात घालत आणि भारा डोक्यावर घेऊन घरी येत. सत्तरीकडं झुकलेला माणूस गुरुवारीच एवढ्या उत्साहानं वैरण का आणतो, हे काकींना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत, कारण आयती वैरण येत होती. एकदा मात्र आबांना भारा सोडायला उशीर झाला आणि म्हशीनं एका जाडजूड पुस्तकाची प्रस्तावना खाऊन टाकली. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते पुस्तक वाचून संपवलं आणि मला म्हणाले, "लय चांगलं पुस्तक हाय. प्रस्तावनेची गरजच नव्हती. म्हशीला आपल्यापेक्षा जास्त कळतंय." त्यानंतर त्यांनी कुठल्याच पुस्तकाची प्रस्तावना वाचली नाही.

घरात पुस्तकं कुठं नव्हती ते सांगणं सोपं. देवघरात नव्हती आणि चुलीत नव्हती. गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत प्रवासवर्णनं होती आणि गहू बादल्यांत होता. पलंगाखाली इतिहास. माळ्यावर कादंबऱ्या. वॉशिंग मशीन मुलानं पुण्याहून पाठवलं होतं, त्याच्यावर शेळीपालन, मधमाश्या, विहीर खोदाई असली पुस्तकं रचलेली, त्यामुळं ते यंत्र कधी सुरूच झालं नाही. काकी हातानं कपडे धूत आणि आल्यागेल्याला सांगत, "ह्या घरात पुस्तकांनी झोपायचं आन् माणसांनी उभं ऱ्हायचं."

उसाला पाणी पाजतानाही आबा वाचत. बांधावर छत्री रोवून, तिच्या सावलीत. पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं असतं याचं भान प्रकरण संपेपर्यंत राहत नसे. मग शेजारचा मळेकरी पलीकडून ओरडायचा, "आवं आबा, तुमच्या गोष्टीतली माणसं मेली का जगली ते उद्या बघा! माझ्या भुईमुगात तळं झालंय!"

"दोनच पानं ऱ्हायलीत गड्या!"

"आन् माझी दोनच वाफं ऱ्हायलीत!"

वाचनालयांशी त्यांचं नातं मोठं विचित्र होतं. गावचं, पलूसचं आणि कराडचं अशा तीन वाचनालयांचे ते सभासद होते. तिन्हीकडे पुस्तक मुदतीच्या आदल्या दिवशी परत. पण वाचनालय या प्रकाराविषयी त्यांचं मत वाईट होतं. "लायब्ररी म्हंजे पुस्तकांची धरमशाळा. कोण येतंय, कोण जातंय, पानं दुमडतंय, चित्रांना मिशा काढतंय. पुस्तकाला घर पायजे."

"मग तुम्ही कशाला जाता तिथं?" मी विचारलं होतं.

"धरमशाळंत कोण उतरलंय बघायला. एखादं चांगलं दिसलं की त्येचा भाऊ रद्दीत हुडकायचा आन् घरी आणायचा."

मी आबांच्या सोप्यात वाढले असं म्हटलं तर वडिलांना वाईट वाटेल, पण वाचायला तिथंच शिकले. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. आमच्या घरात छापील वस्तू दोन, भिंतीवरचं कॅलेंडर आणि खतवाल्या दुकानदारानं दिलेली डायरी. अकरावीपासून बी.ए.पर्यंत मी संध्याकाळी हात धुऊन त्या घोंगड्यावर बसत आले. पुस्तक संपलं की आबा विचारत, "काय कळलं?" पहिल्यांदा मी म्हणाले, "छान आहे." आबा संतापले. "छान भाजी असती. पुस्तकात काय हाय ते सांग." मग मी सांगायला लागले. रोज सांगून सांगून मला परीक्षेत लिहिता यायला लागलं. महाविद्यालयात माझ्या उत्तरपत्रिकेचं कौतुक झालं तेव्हा सरांना वाटलं मी शिकवणी लावली आहे. लावलीच होती. फी म्हणजे स्वच्छ हात.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले तर आबांनी ट्रंकेतून एक पुस्तक काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि म्हणाले, "ह्ये घरी न्हे." काकींच्या हातातलं भांडं खाली पडलं. मला रडू आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आबा आमच्या दारात उभे. "सहज आलतो," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून आत बघायला लागले. पाचव्या दिवशीही सहज आले. सहाव्या दिवशी मी पुस्तक परत नेऊन दिलं. दोघांचाही जीव भांड्यात पडला.

पुढं मी ग्रंथपालाचा अभ्यासक्रम केला आणि गावच्याच वाचनालयात लागले. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली, सहा कपाटं, दोन बाकडी. कामावर लागल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पुस्तकं मोजली. नोंदवहीतली पुस्तकं आणि कपाटातली पुस्तकं यांत मोठी तफावत निघाली. काही गळक्या छपरानं नेली होती, काही वाळवीनं, उरलेली सभासदांनी. आणि पंधरा दिवसांवर सरकारी तपासणी. वाचनालयांना वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे पुस्तकं लागतात. कमी पडली तर वर्ग जातो, वर्गाबरोबर अनुदान, आणि अनुदानाबरोबर ग्रंथपाल. म्हणजे मी.

अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष गावातले पुढारी, वाचनालयात फक्त झेंडावंदनाला येणारे. ते म्हणाले, "हात्तिच्या! हवालदाराच्या घरात पुस्तकं सडायला लागलीत. एक दिवस हितं आणून मांडायची, साहेब गेला की परत. पाव्हण्यांच्या पंगतीला शेजारची ताटं आणतो का न्हाई आपण? तसं."

आबांना विचारायला मी गेले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न्हाई नेली तर तुझी नोकरी जाती?"

"हो."

"एकच दिवस?"

"मांडायला चार दिवस आधी न्यावी लागतील, आबा. साहेब गेले की त्याच दिवशी परत."

"न्हे. पर मोजून न्हे, मोजून आण."

ट्रॅक्टर ट्रॉलीच्या दोन खेपा लागल्या. अकराशे चाळीस पुस्तकं निघाली. आबा ट्रॉलीत पुस्तकांबरोबर उभे राहून आले, वर ताडपत्री धरून. आकाशात ढगही नव्हता. त्या दुपारी काकींनी सोपा झाडला आणि शेजारणीला हाक मारून बोलावलं. "ये गं, भिंतीचा रंग बघ. हिरवा हाय म्हणं."

आता माझी चूक सांगते. अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं की कपाटात बिनशिक्क्याचं पुस्तक म्हणजे ग्रंथपालाची लाज. साहेबानं एखादं पुस्तक उघडलं आणि शिक्का नसला तर? दाखल क्रमांक विचारला तर? मी पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी. तपासणीआधीचे चार दिवस मी खोलीचं दार लावून बसले आणि आबांच्या अकराशे चाळीस पुस्तकांवर प्रत्येकी तीन शिक्के मारले. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, जे फक्त ग्रंथपालाला माहीत असतं. प्रत्येकाला क्रमांक दिला. मागं देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवली. नोंदवहीत एकेक नोंद केली, सुवाच्य अक्षरात, आणि "कसे मिळाले" या रकान्यात "देणगी" लिहून पुढं आबांचं नाव लिहिलं. लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की मी आबांचं घर लुटते आहे. काम चोख चाललंय एवढंच वाटत होतं.

तपासणीचे साहेब आले, चहा घेतला, कपाटं बघून खूश झाले. एक पुस्तक काढलं, उघडलं, शिक्का बघितला. नोंदवहीत क्रमांक शोधला, सापडला. माझ्याकडं बघून म्हणाले, "इतकं नेटकं काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही." मी लाजले. मग त्यांचं बोट रकान्यावरून खाली गेलं. "देणगी, देणगी, देणगी... एकाच माणसाची? कोण आहेत हे गृहस्थ?"

आबा मागच्या बाकड्यावरच होते. पुस्तकं परत न्यायची ट्रॉली बाहेर उभी होती. अध्यक्षांना अशा वेळी काय करायचं ते उपजत कळे. दहा मिनिटांत कुठून तरी शाल आली, नारळ आला, माणसं आली. आबांना पुढं बोलावलं. खांद्यावर शाल पडली तेव्हा ते अजून गोंधळलेलेच होते. साहेब म्हणाले, "सगळा संग्रह गावाला देऊन टाकलात! मोठं मन लागतं," आणि सत्कार म्हणून हातात एक पुस्तक दिलं, त्यांचंच. आबांनी ते उघडलं.

पहिलं पान बघितलं. शेवटचं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

आबांनी एक वाक्य बोलायची खोटी होती. "ह्यी माजी हायती, तपासणीपुरती आणलीत." वाचनालयाचा वर्ग गेला असता, खोट्या नोंदी माझ्या अक्षरात होत्या, मी घरी गेले असते आणि आबांची पुस्तकं त्यांच्या घरी. साहेब म्हणत होते, "दोन शब्द बोला."

आबा उभे राहिले. शाल सारखी केली. घसा खाकरला.

"हात धुऊन वाचा," म्हणाले आणि खाली बसले.

लोकांना वाटलं विनोद केला. टाळ्या पडल्या. साहेबांनी नोंदवहीत शेवटच्या ओळीखाली सही केली, तारीख घातली. रिकामी ट्रॉली रिकामीच परत गेली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन पाय धरले. "आबा, मी नोंदी खोडते. अध्यक्षांशी बोलते."

"सही झाली ना साहेबाची?"

"झाली."

"शिक्का हाय?"

"तीन तीन."

"मग त्यो सरकारी माल झाला. सरकारी मालाला मी हात लावत न्हाई." मग म्हणाले, "शिक्का सरळ मारलायस. एकबी तिरका न्हाई." हे कौतुक होतं की काय, मला आजही कळलेलं नाही.

काकी आतून म्हणाल्या, "रडू नगंस गं. मला चार दिवस झालं जमिनीवर पाय पसरून बसायला मिळतंय."

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायला गेले तर आबा पायरीवर. आत आले, आपलं कार्ड काढलं आणि आपलीच दोन पुस्तकं घरी घेऊन गेले. कार्डावर दोनच मिळतात. चौथ्या दिवशी परत, पुढची दोन. मग त्यांना युक्ती सुचली. काकींना सभासद केलं. सुटीला आलेल्या मुलाला केलं, सुनेला केलं. पाहुण्यांना चहाआधी अर्ज भरावा लागे. मळेकऱ्याला त्यांनी बांधावर गाठलं.

"मला वाचाया येत न्हाई आबा!"

"तुला कुठं वाचायचंय? सही कर. वाचतो मी."

"आन् माझ्या भुईमुगाचं काय?"

"पाणी नीट वळवीन. सही कर."

वर्षभरात वाचनालयाचे सभासद तिपटीनं वाढले. अध्यक्षांनी हे आपल्या कारकिर्दीचं यश म्हणून पत्रकात छापलं. पण एक गोष्ट आबांच्या हिशेबात नव्हती. नवे सभासद कार्ड हातात आलं म्हणून स्वतःही यायला लागले. मळेकऱ्याची सून विहिरीचं पुस्तक घेऊन गेली. दुधाच्या डेअरीतला पोरगा प्रवासवर्णनांच्या मागं लागला. आबांना हे सोसवत नसे. आपलं पुस्तक कुणी नेलं की ते बाकड्यावरून उठत आणि वीसेक पावलं मागून चालत जात, थेट त्याच्या घरापर्यंत. "कुठं ठेवलंय? पाण्याच्या माठाजवळ? उचल, उचल." लोक वैतागले. एकानं मला विचारलं, "म्याडम, पुस्तकाबरोबर हवालदार न्हेलाच पायजे का?"

तीन वर्षं अशी गेली. मग मला सांगलीला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली. जायच्या आधी मला हे ओझं उतरवायचं होतं. नियम शोधला. जुनी, जीर्ण पुस्तकं ठराव करून नोंदीतून कमी करता येतात. मधल्या काळात आम्ही नवी पुस्तकं घेतली होती, वर्गाला धक्का नव्हता. मी अकराशे चाळीस पुस्तकांची यादी केली आणि सगळ्यांपुढं "जीर्ण" लिहिलं. माझ्या आयुष्यातली दुसरी खोटी नोंद, पण ही समजून उमजून. समितीनं न वाचता ठराव केला. मी आबांना बोलावलं आणि यादी पुढं ठेवली.

"आबा, आता ही सरकारी नाहीत. सगळी तुमची. घरी न्या."

आबांनी यादी वाचायला अर्धा तास घेतला. "जीर्ण," म्हणाले. "ह्येच्यापेक्षा मी जीर्ण हाय." मग उठून पहिल्या कपाटापाशी गेले. एक पुस्तक काढलं. मला वाटलं पहिलं पान उघडतील. त्यांनी शेवटचं उघडलं, तारखांची चिठ्ठी बघितली. कंबरेला दोन्ही हात लावून जरा वेळ उभे राहिले आणि पुस्तक परत कपाटात ठेवलं. दुसरं काढलं. परत ठेवलं. तिसरं जमिनीवर ठेवलं.

दुपार झाली. काकी भाकरी घेऊन आल्या, तिथंच बसल्या. आबांनी सहाही कपाटं संपवली. जमिनीवर साडेतीनशे-चारशे पुस्तकं झाली असतील. मी वाकून बघितलं. फाटकी, जाडजूड, विचित्र विषयांची. ज्यांच्यासाठी त्यांनी गुरुवारमागून गुरुवार कराडला चकरा मारल्या होत्या ती सगळी कपाटातच राहिली होती. कोठीतली प्रवासवर्णनं, माळ्यावरच्या कादंबऱ्या, मला घरी नेऊ दिलेलं ते पुस्तकसुद्धा.

"आबा, तुम्ही चांगली ठेवली आणि ही उचलली?"

त्यांनी खालचं एक पुस्तक उचलून मला मागची चिठ्ठी दाखवली. कोरी होती. एकही तारीख नाही. तीन वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

"त्येंला बाकीची माणसं हायती आता," कपाटाकडं हात करून ते म्हणाले. "ह्येंला कोण हाय?"

काकींनी ढिगाकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग पदर खोचला आणि पहिला गठ्ठा उचलून बाहेर चालायला लागल्या.